कोळी, खरूज आणि चिमूटभर गंधक

मराठीतला 'कोळी' हा शब्द मोठा कामाचा आहे. समुद्रात जाळे टाकतो तो कोळी. घराच्या आढ्याला जाळे विणतो तोही कोळी. आणि आमच्या बीड जिल्ह्यात गोदाकाठच्या एखाद्या मोसंबीवाल्याला विचाराल तर तो तिसराच कोळी सांगेल. पानाफळांवर बसून रस शोषणारा, डोळ्यांना धड दिसतही नाही असा. शेतकऱ्यांनी याला कीड म्हणण्याआधी कोळी म्हटले याचे मला फार कौतुक वाटते, कारण शास्त्रही तेच म्हणते. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. हा प्राणी कीटकांच्या कुळातला नाहीच. तो कोळी, विंचू आणि गोचीड यांचा भाऊबंद. त्यातले काही तर पानाच्या मागच्या बाजूला बारीक जाळीही विणतात. शाळेत जीवशास्त्र न शिकलेल्या माणसांनी नुसत्या निरीक्षणाने योग्य नाव दिले.

मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले, शेतीशास्त्र नाही. तरी आज या कोळ्याचा इतिहास लिहायला घेतला आहे, कारण राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच तो माणसाच्या शहाणपणाचा आणि उतावीळपणाचा इतिहास आहे. निमित्त झाले ते आमच्या एका व्याह्यांचे. त्यांची गेवराई तालुक्यात मोसंबीची बाग आहे. आंबिया बहाराची फळे चांगली पोसली, पण बऱ्याच फळांच्या सालीवर तांबूस-तपकिरी डाग पडले. याला शेतकरी 'लाल्या' म्हणतात. (कपाशीची पाने लाल पडतात त्यालाही लाल्याच म्हणतात, पण ते दुखणे वेगळे.) व्यापारी बागेत आला, चार फळे हातात फिरवून पाहिली आणि भाव पाडून मागितला. व्याही मला म्हणाले, "गुरुजी, फळ कापून बघा. आत काय फरक आहे सांगा बरं!" खरोखरच आत काही फरक नव्हता. रस तोच, गोडी तीच.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळत होता. जे मिळाले ते वाचले, कृषी विद्यापीठात शिकलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पिडले. त्यातून जे हाती लागले ते नातेवाईक आणि ब्लॉगवाले स्नेही यांच्यासाठी सांगतो.

सुरुवात झाडापासून नको, माणसाच्या कातडीपासून करू. १९७० च्या दशकात मी नोकरीला लागलो तेव्हा वर्गातल्या कितीतरी पोरांना खरूज असायची. बोटांच्या बेचक्यात पुळ्या, रात्री जीव खाणारी खाज, आणि एकाला झाली की बाकावरच्या तिघांना. औषध ठरलेले: गंधकाचे मलम, नाहीतर खोबरेल तेलात कालवलेली गंधकाची पूड. वर्गभर वास सुटायचा, पण गुण यायचा. ही खरूज म्हणजे रक्तातला दोष, अशी समजूत तेव्हा घरोघरी होती. युरोपातही शतकानुशतके तीच होती. १६८७ मध्ये इटलीतल्या बोनोमो नावाच्या वैद्याने, चेस्टोनी या औषधविक्या मित्राच्या मदतीने, खरजेच्या फोडातून सुईच्या टोकावर एक बारीक जीव काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचे चित्र काढले आणि लिहिले की खरजेचे कारण हाच. त्याचे म्हणणे फारसे कुणी मनावर घेतले नाही. १८३४ मध्ये पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकाच्या एका विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर तो जीव काढून दाखवला तेव्हा कुठे वैद्यकाने मान डोलावली. जवळजवळ दीडशे वर्षे! त्याच्या गावाकडच्या बायका तो किडा सुईने काढायच्या, त्यांच्याकडूनच तो हे शिकला होता. गंमत म्हणजे कारण ठाऊक नव्हते तेव्हाही गंधक लावले जातच होते. औषध आधी आणि निदान नंतर, असे इतिहासात पुष्कळदा झालेले आहे.

हा खरजेचा जीव म्हणजेही कोळीच. आणि लाल्या म्हणजे मोसंबीच्या कातडीची खरूज. दोघांचे कूळ एक, आणि दोघांचे औषधही एकच निघाले हे पुढे येईलच.

मोसंबीचे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून पडले, हे बहुतेकांना ठाऊक असते. लिंबूवर्गातल्या फळांवर हा गंजासारखे डाग पाडणारा कोळी जगभर फिरला. त्याचे शास्त्रीय वर्णन मात्र पहिल्यांदा झाले अमेरिकेतल्या फ्लोरिडात. १८७९ मध्ये अ‍ॅशमीड नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. आकार म्हणाल तर मिलिमीटरचा सातवा-आठवा हिस्सा. रंग पिवळसर, अंग गाजरासारखे पुढे रुंद आणि मागे निमुळते. आणि आठ पायांच्या कुळात जन्मून याला पाय फक्त चार! उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला याला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे आपल्याकडे एक बहार धरून फळ तोडेपर्यंत याच्या वीसेक पिढ्या सहज होतात. (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) सालीच्या पेशींना तो बारीक टोचे मारतो, त्या पेशी मरतात आणि तिथे तपकिरी खपली धरते. फळ लहान असताना मार बसला तर साल खरबरीत होते आणि फळ आकाराने बारीक राहते. मोठ्या फळावर बसला तर नुसता रंग बदलतो.

आता फ्लोरिडाच्या लोकांनी काय केले पाहा. असल्या डागाळलेल्या संत्र्यांना त्यांनी वेगळे नाव देऊन बाजारात वेगळे विकायला सुरुवात केली, आणि ती जास्त गोड म्हणून त्यांना गिऱ्हाईकही मिळाले. साल राठ असल्यामुळे फळातले पाणी थोडे उडते, रस जरा दाट होतो, त्यामुळे हे अगदी खोटेही नव्हते. कोळी हे डागांचे खरे कारण म्हणून सविस्तर मांडले ते हबर्ड यांनी. लिंबूवर्गीय फळांवरील किडींबद्दलचे त्यांचे पुस्तक १८८५ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने छापले. त्यांनी सुचवलेल्या उपायांत साबणाचे पाणी होते आणि गंधकही होते.

म्हणजे पुन्हा गंधक! या पिवळ्या भुकटीचा इतिहास फार जुना आहे. होमरच्या 'ओडिसी'त नायक शत्रूंना मारून झाल्यावर घर शुद्ध करायला गंधकाची धुरी देतो. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर अध्याय लिहिला. त्यात झाडांनाही रोग होतात, थंडी-वारा-उन्हाने ती आजारी पडतात, असे सांगून रोगट भाग कापून वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यायला सांगितले आहे. झाडाला रोगी मानून त्याची चिकित्सा करायची, ही दृष्टी आपल्याकडे तेव्हापासून आहे. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हर्सायच्या बागेतल्या ग्रिझाँ नावाच्या माळ्याने चुना आणि गंधक एकत्र उकळून एक पाणी तयार केले, ते द्राक्षाच्या भुरीवर चालले. पुढे तेच चुना-गंधकाचे पाणी फळबागांत खवले आणि कोळी यांच्यावर जगभर वापरले गेले. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना भुरीवरचे गंधक नवीन नाही.

गंधक कसे काम करते, हेही सांगण्यासारखे आहे. ऊब मिळाली की त्याची अगदी मंद वाफ होत राहते आणि ती कोळ्याला मारते. म्हणून थंडीच्या कडाक्यात ते कमी चालते. आणि ऊन तापले की तेच पाने-फळे भाजते! साधारण ३२ अंशांच्या वर तापमान गेले की जपून, असे जाणकार सांगतात. आमच्या बीडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भर दुपारी गंधक मारणे म्हणजे झाडाला चटका देणे. तेलकट फवाऱ्याच्या आगेमागेही ते मारत नाहीत. थोडक्यात, हे औषध साधे आहे पण वेळकाळ पाहून वापरायचे.

अशी साधारण दुसऱ्या महायुद्धापर्यंतची स्थिती होती. कोळी होता, पण तो किरकोळ शत्रू होता. सफरचंदाच्या बागांतही त्याची फारशी कुणी दखल घेत नसे. मग आले डी.डी.टी.

१९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्यूलर यांनी डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याला उगीच नावे ठेवायची नाहीत. आमच्या पिढीने हिवतापाने फणफणलेली घरे पाहिली आहेत. १९५३ मध्ये देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये सरकारने हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी काढली. फवारणीवाले गावात यायचे, भांडीकुंडी बाहेर काढायला लावायचे, भिंती पांढऱ्या करायचे आणि दारावर तारीख लिहून जायचे. त्या तारखा आम्ही पोरे मोठ्या कौतुकाने वाचायचो. हजारो जीव त्यामुळे वाचले, हे खरेच आहे.

पण तेच डी.डी.टी. जेव्हा फळबागांत गेले तेव्हा विपरीत घडले. अळ्या मेल्या, भुंगे मेले, आणि आजवर कुणाच्या खिजगणतीत नसलेला कोळी अचानक उठला. अमेरिका, कॅनडा, युरोप, सगळीकडच्या सफरचंदाच्या बागा लाल कोळ्याने तांबूस पडू लागल्या. कारण काय? डी.डी.टी.ने कोळी मरत नव्हता, पण कोळ्याला खाणारे सगळे मरत होते. टाचणीच्या डोक्याएवढा काळा ढालकिडा असतो, त्याचा सारा संसार कोळ्यांवर चालतो. जाळीदार हिरव्या पंखांचा क्रायसोपा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोळ्यांना खाणारे कोळीच असतात! दिसायला तसेच, पण चपळ, आणि पानाचा रस न पिता भाऊबंदांना पिणारे. ही सारी बिनपगारी राखणदारांची फौज आपण एका फवाऱ्यात कापून काढली आणि मग चोर वाढले म्हणून ओरडत बसलो.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात पिकेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी हे कोडे महायुद्धाच्या आगेमागेच ओळखले होते. फवारा कशाने किती मरते एवढे पाहून ठरवू नका, कोण जगते तेही पाहा, असा त्यांच्या कामाचा मथितार्थ. रेचल कार्सन यांच्या १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या गाजलेल्या पुस्तकात त्यांच्या कामाचा गौरवाने उल्लेख आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पिकेट यांनी गंधकालाही मोकळे सोडले नाही. बुरशीसाठी वरचेवर मारलेले गंधकसुद्धा उपकारक जीवांना मारते आणि त्यामुळे खवले कीड वाढते, हे त्यांच्याच मंडळींनी दाखवले. तेव्हा 'जुने ते सगळे सोने' म्हणून गंधकाची पोती ओतू नयेत. मात्रा चिमटीचीच ठेवावी.

पण जगाने त्या वेळी पिकेट यांचे ऐकले नाही. नवे विष उलटले तर त्याहून नवे विष, हा मार्ग सोपा वाटला. १९५७ च्या सुमारास खास कोळ्यासाठी 'डायकोफॉल' बाजारात आले. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचे 'केलथेन' हे दुकानी नाव रुळले होते. हे डायकोफॉल तयार होते कशापासून? डी.डी.टी.पासूनच! ज्याने कोळी वाढवला त्याच्याच पोटातून कोळ्याचे औषध काढले. यापेक्षा मोठा विनोद रसायनशास्त्राच्या इतिहासात क्वचितच असेल.

मघाशी वीस पिढ्यांचा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. त्याचा हिशेब आता येतो. औषध मारले की शंभरातले पंचाण्णव मरतात, पाच तगतात. त्यांची पोरे तशीच चिवट निघतात. माणसाच्या वीस पिढ्या म्हणजे शिवकाळाच्याही मागे जावे लागते. कोळ्याच्या वीस पिढ्या एका बहारात उरकतात. शिवाय कोळ्यांत नर बिनफळलेल्या अंड्यातून जन्मतो, त्यामुळे त्याच्यात आईचा गुण झाकला जात नाही, उघडा पडतो. चिवटपणा झपाट्याने पसरतो तो यामुळे. औषधांच्या दुकानात आज कोळीनाशकांची जी रांग दिसते, ती या शर्यतीची खूण आहे. यातले प्रत्येक नाव एकदा 'रामबाण' म्हणून आले होते.

आता आपल्या मराठवाड्याकडे येतो. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ज्वारी, बाजरी, कपाशी, तूर यांवर पोट. फळ म्हणजे बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ, आणि तेही कुणी लावलेले नव्हे, आपोआप उगवलेले. (त्याला २०१६ मध्ये 'बीडचे सीताफळ' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्रही आहे.) या सीताफळाच्या पानाला शेळीही तोंड लावत नाही. घरोघरच्या बाया त्याच्या बियांची पूड उवांवर लावत, मात्र डोळ्यांत जाऊ नये म्हणून फार जपत. म्हणजे कीडनाशकाची विद्या आमच्या डोंगरात रानोमाळ पडलेली होती. कडुनिंबाचेही तसेच. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी टोळधाडीच्या वेळी निंबोळीच्या गराचे पाणी पिकावर फवारले, तर टोळांनी त्या पिकाला तोंड लावले नाही. तेव्हा कुठे आमच्या दारातल्या लिंबाला शास्त्राच्या पंगतीत पाट मिळाला.

मोसंबीच्या बागा वाढल्या त्या पाण्याने आणि योजनेने. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. उजवा कालवा बीड जिल्ह्यात उतरला. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला, ऐन दुष्काळात सुरू झाले. त्याचे मोसंबीचे केंद्र बदनापूरला आहे. १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि ज्यांनी कधी बागेचे स्वप्न पाहिले नव्हते अशा कोरडवाहू घरांनीही रोपे लावली. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, वर्गातली पोरे सोबत जातात, बाके रिकामी होतात. हे मी नोकरीभर पाहिले. ज्या घरी शे-दोनशे झाडांची बाग टिकली, त्या घरचे पोर शाळेत टिकले, असेही पाहिले. म्हणून मोसंबीच्या सालीवरचा डाग ही माझ्या लेखी किरकोळ बाब नाही. तो डाग एखाद्या मुलाच्या हजेरीपटापर्यंत पोहोचू शकतो.

बागा वाढल्या तसा फवाराही वाढला. पाने गुंडाळणाऱ्या, रस शोषणाऱ्या किडींसाठी जहाल औषधे मारायची, त्यात राखणदार मरायचे, मग कोळी चढायचा, मग त्यासाठी डायकोफॉल. पायरेथ्रॉइड गटातली औषधे तर या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. ती मारली की अळी पडते आणि कोळी बळावतो. नोव्हा स्कोशियाचा धडा गोदाकाठी नव्याने गिरवला गेला, एवढेच. त्यात आमच्याकडे दुष्काळाची भर. ताणावर असलेल्या झाडावर पानांवरचा लाल कोळी जास्त येतो. धुळीनेही तो वाढतो, कारण धूळ बसलेल्या पानावर राखणदारांना नीट शिकार करता येत नाही. म्हणून रस्त्याकडेची ओळ आधी लाल पडते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना, बीड आणि तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, या भागांत लोकांनी टँकरने पाणी घालून बागा जगवायचा प्रयत्न केला. कितीतरी बागांवर शेवटी कुऱ्हाड चालली. तेव्हा कोळ्याची चिंता करायला झाडच उरले नाही.

विषाचा हिशेब फक्त झाडावर मांडून चालत नाही. १९५८ मध्ये केरळात जहाजातून आलेले पीठ शेजारच्या पॅराथिऑनच्या गळतीने विषारी झाले आणि शंभराहून अधिक माणसे गेली. त्या प्रकरणातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला, आणि डब्यावरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोणही. आमच्या भागात किती फवारणाऱ्यांना त्या रंगांचा अर्थ ठाऊक आहे, हे विचारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ती कपाशी होती, मोसंबी नव्हती; पण पाठीवरचा पंप तोच, उघडे हात तेच आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवायची सवयही तीच.

डायकोफॉलची कथा संपली ती अशी. शरीरात आणि मातीत साचून राहणाऱ्या विषांच्या यादीत, स्टॉकहोम कराराखाली, २०१९ मध्ये त्याचे नाव गेले. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. डी.डी.टी.वर शेतीपुरती बंदी १९८९ मध्येच आली होती. साठ-पासष्ट वर्षांत बाप आणि लेक दोघेही शेतातून गेले. कोळी मात्र जागेवर आहे. आणि गंधकही आहे. पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला तीन ग्रॅम, ही शिफारस आजही सांगितली जाते.

मधल्या काळात शहाणपणही वाढले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्टॅन्ली हॉइट यांनी १९६० च्या दशकात सफरचंदाच्या बागांत दाखवून दिले की फवारा असा निवडला आणि मात्रा अशी बेतली, की शिकारी कोळी जगतील, तर ते लाल कोळ्याला आवरून धरतात. कोळीनाशकाचा खर्चच वाचतो. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीला आलेल्या ऑर्किडच्या झाडांवर एक खादाड शिकारी कोळी सापडला. पुढे युरोपातल्या काचघरांतली काकडी त्याच्या राखणीत वाढू लागली. फ्लोरिडात तर १९२४ मध्येच लक्षात आले होते की पावसाळी हवेत एक बुरशी लाल्याच्या कोळ्यांना आपोआप मारते. १९९८ मध्ये केरळात नारळाच्या कोळ्याने थैमान घातले आणि ते पुढे आजूबाजूच्या राज्यांत पसरले, तेव्हा बंगळूरच्या संशोधकांनी त्याच बुरशीपासून औषध बनवले. तांब्याची औषधे झाडभर वारंवार मारली की ही मित्र बुरशी मरते, हेही फ्लोरिडाचाच अनुभव सांगतो. बोर्डो खोडाला लावणे वेगळे आणि उठसूट पानांवर मारणे वेगळे.

माझ्या त्या विद्यार्थ्याने व्याह्यांच्या बागेत काय सांगितले ते थोडक्यात लिहितो, कुणाला उपयोगी पडले तर पडावे. दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग घ्या. आठवड्याला बागेच्या चारी कोपऱ्यांतली आणि मधली फळे, पाने पाहा. कोळी दिसला म्हणून लगेच पंप उचलू नका. सोबत चपळ शिकारी आणि काळा ढालकिडा आहे का पाहा. फळ लिंबाएवढे असतानाच कोळी वाढताना दिसला, तर सकाळच्या थंड वेळी गंधक. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा नाही. रस्त्याकडेला धूळ अडवणारी झाडे. आणि दोन औषधे डोळे झाकून एकत्र करायची नाहीत. यात जगावेगळे काहीच नाही. पण हे शहाणपण हाती यायला पिकेट यांच्यापासून ऐंशीएक वर्षे लागली, आणि ते आमच्या वाडी-वस्तीवर पोहोचायला अजून किती लागतील कोण जाणे. खरजेच्या किड्याला दीडशे लागली होती!

राहिला प्रश्न बाजाराचा. तो मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण त्याला औषध नाही. पाचोडच्या, जालन्याच्या बाजारातून मोसंबी दूरदूरच्या शहरांत जाते. तिथे गुळगुळीत, पिवळीधमक मोसंबी ढिगाच्या वर बसते आणि लाल्याची निम्म्या भावात रसाच्या गाड्यावर जाते. गाडीवाला काय करतो? पहिल्यांदा साल सोलून फेकतो. ज्या सालीसाठी शेतकऱ्याचा भाव पडला, ज्या सालीसाठी एका मजुराने उघड्या अंगाने विष अंगावर घेतले, ती साल गाईपुढे पडते. आतला ग्लासभर रस कोणत्या फळाचा, हे पिणाऱ्याला कळतही नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्लोरिडाच्या व्यापाऱ्याने निदान डागी फळाला स्वतंत्र नाव देऊन विकून दाखवले होते. आपण अजून डाग म्हणजे दोष, यापुढे गेलो नाही.

पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या माझ्या लेकी-सुनांना, नातवंडांना एवढेच सांगणे आहे. फळ घेताना ते हातात तोलून बघा. जड लागले तर रस आहे. सालीवर तांबूस डाग दिसला तर नाक मुरडू नका. तिथे एक चार पायांचा जीव आठवडाभर जगून गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि कदाचित असाही अर्थ असेल की त्या बागेत एक फवारा कमी पडला.